लॉरिमरला तीनदा विचारावं लागतं

गुद्रून लोकेनला कॉफी हवी का, हे तीनदा विचारावं लागतं. पहिल्यांदा विचारलं की ती म्हणते, "नको, आत्ताच घेऊन आले." दुसऱ्यांदा विचारलं की, "माझ्या एकटीसाठी मुद्दाम करू नका हं." तिसऱ्यांदा विचारलं की खुर्ची ओढून बसते आणि म्हणते, "बरं, अर्धा कप." हा अर्धा कप म्हणजे काठोकाठ भरलेला मग, त्यावर आणखी एक मग, आणि केक असेल तर कोपऱ्याचा तुकडा. आमच्या लॉरिमरमध्ये सगळेच असे. आमचे आजे-पणजे नॉर्वेहून निघताना ट्रंकेत लोकरीचे मोजे, प्रार्थनेचं पुस्तक आणि ही रीत घेऊन आले. पहिल्या हाकेला 'हो' म्हणणारा माणूस हावरट, हे आम्हाला चालायला शिकवायच्या आधी शिकवलेलं असतं. विचारणाऱ्यालाही तीच शिकवण. दोनदा विचारून किटली खाली ठेवली तर तो उद्धट.

याच रीतीनं आमच्या गावाचं वाटोळं केलं, असं गुद्रूनचं म्हणणं. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, गुडघे कामातून गेलेत, पण जीभ शाबूत आहे. तिचं म्हणणं ऐकायला कुणालाच आवडत नाही, आणि खोडून काढायलाही कुणाला जमलेलं नाही.

गाव कसलं, मुळात ते नकाशावरचं एक टिंब. १९०५ साली गवताच्या या सपाट मुलखात माणसांच्या आधी रूळ आले. कंपनीच्या कुणा साहेबानं कागदावर पट्टी ठेवली आणि दर आठ मैलांवर टिंब काढलं, कारण गव्हाची गाडी घेऊन आलेला शेतकरी घोड्यांसकट तेवढ्यातच संध्याकाळपर्यंत घरी पोचू शकतो. टिंबांना नावं हवी होती. आमच्या टिंबाच्या वाट्याला एका संचालकाच्या मेव्हण्याचं नाव आलं. हा लॉरिमर नावाचा गृहस्थ जन्मात इकडे फिरकला नाही, आणि त्याच्या नावानं आम्ही शंभर वर्षं पत्रं मागवतो आहोत. मग कंपनीनं नॉर्वेत पत्रकं वाटली. त्यावर गव्हाचं शेत, टुमदार घर आणि घरामागे फळांनी वाकलेलं सफरचंदाचं झाड छापलं होतं. ते झाड बघून आमची माणसं जहाजात चढली. इथल्या हिवाळ्यात सफरचंदाचं एक रोप दुसऱ्या वर्षापर्यंत टिकलेलं कुणी पाहिलेलं नाही.

तरी गुद्रूनचं बालपण रेल्वेच्या प्रेमात गेलं. तिचे वडील हाल्वोर ब्रेक्के गँगचे मुकादम होते. आठ मैल रूळ त्यांच्या ताब्यात, हाताखाली सहा माणसं. रोज सकाळी ढकलगाडीवर बसून ते निघत, बोल्ट आवळत, रुळांखालचे कुजलेले लाकडी स्लीपर बदलत, आणि उन्हाळ्यात रूळ वाकला तर जेवण टाकून धावत. कंपनीनं मुकादमाला राहायला दिलेलं चार खोल्यांचं पिवळं घर रुळांच्या दक्षिणेला होतं. गुद्रून त्याच घरात जन्मली. गाडी आली की कपाटातल्या कपबशा वाजायच्या. त्यांच्या खाली आईनं जुन्या कोटाच्या पट्ट्या अंथरल्या होत्या. घरासमोरच डेपो स्ट्रीटचं फाटक. फाटक म्हणायचं एवढंच. दांडा नाही, दिवा नाही. पांढऱ्या फुलीचा एक खांब आणि रुळांच्या मधे बसवलेल्या ओकच्या जाड फळ्या. त्या फळ्या हाल्वोरनी स्वतःच्या हातानं बसवल्या. दर वसंतात ते गुडघ्यावर बसून एकेक फळी तपासायचे, कारण गावातली बाळंतीण असो की प्रेत, जायचं यायचं याच फळ्यांवरून. गाव उत्तरेला, दफनभूमी आणि हायवे दक्षिणेला.

गुद्रूननं लग्नही गँगमधल्याच पामर लोकेनशी केलं. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं एकतीस वर्षं काम केलं. आज या मुलखात पन्नाशीला आलेली जी माणसं आहेत, त्यांतल्या निम्म्यांची वाढ तिच्या पावावर झाली आहे. कंपनीनं गँग मोडली तेव्हा पामरनं ते पिवळं घर विकत घेतलं. फाटकावरून गावात कॉफीला यायला तिला एकशे ऐंशी पावलं लागायची. ही मोजणी वडिलांनी लहानपणी करून घेतली होती. म्हातारपणात त्यांची दोनशे दहा झाली, एवढाच फरक.

आता वाटोळं कसं झालं ते. १९६७ साली कंपनीचा एक टायवाला माणूस चर्चच्या हॉलमध्ये आला. त्यानं विचारलं, "पॅसेंजर गाडी इथं थांबायची बंद झाली, तर आपली फार गैरसोय होईल का?" तेव्हाचे गावप्रमुख एईनार स्टेनर्सन उठले, टोपी हातात घेतली आणि म्हणाले, "फार म्हणजे तसं नाही. चालवून घेऊ." आणि खाली बसले. सगळा हॉल वाट बघत राहिला, की आता हा दुसऱ्यांदा विचारेल. मग एईनार म्हणणार, की म्हाताऱ्यांना जरा जड जाईल. मग तो तिसऱ्यांदा विचारेल आणि एईनार ठणकावून सांगणार, की गाडी थांबलीच पाहिजे. एईनारनी ते वाक्य घरी आरशासमोर घोकलेलं होतं. पण टायवाल्यानं वहीत काहीतरी लिहिलं, बॅग बंद केली, हात मिळवला आणि निघून गेला. महिन्याभरात स्टेशनला कुलूप लागलं. कागदावर आलं: ग्रामस्थांची हरकत नाही.

एकदा तोंड पोळलं तर माणूस शहाणा होतो असं म्हणाल, तर आम्ही झालो नाही. गव्हाची उंच लाकडी कोठारं पाडायच्या वेळी पुन्हा तेच. स्टेशनची इमारत उचलून नेली तेव्हाही तेच. दर वेळी कुणीतरी येऊन एकदा विचारलं, आम्ही सभ्यपणे 'जमवून घेऊ' म्हटलं, आणि आमच्या तोंडाला पानं पुसून तो माणूस पुढच्या टिंबाकडे गेला. पूर्वेचं फाटकही असंच गेलं. शाळा १९९९ मध्ये बंद झाली. राहिलो आम्ही बेचाळीस जण, एक चर्च, आणि जुन्या बँकेच्या इमारतीतली सिग्नेची कॉफीची खोली. तिथं भिंतीवर खिळ्यांना प्रत्येकाचा मग टांगलेला असतो आणि मेलेल्यांचेही मग अजून काढलेले नाहीत.

गाड्या मात्र वाढल्या. पूर्वी ओळखीच्या होत्या, आता तेलाच्या काळ्या टाक्यांच्या मैल-सव्वा मैल लांबीच्या माळा. समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची म्हणून त्या आमच्याच फाटकावर आडव्या उभ्या राहतात. पामर गेला त्या दिवशी गुद्रूननं हे पाहिलं. चर्चमधून शवपेटी निघाली, मागे अठरा मोटारी, आणि फाटकावर टाक्यांची भिंत. इंजिन इतकं पुढे, की दिसेना. पन्नास मिनिटं आम्ही तसेच बसून राहिलो. कुणी हॉर्न वाजवला नाही. मयताच्या मिरवणुकीत हॉर्न कसा वाजवायचा? ज्या माणसानं तेवीस वर्षं ते रूळ सांभाळले, त्याला त्याच रुळांच्या अलीकडे ताटकळत ठेवलं. गाडी सुटली तेव्हा आमच्या गावाच्या सवयीनं आम्ही शेवटच्या डब्याला हात हलवला. पुढच्या गाडीत पेटीमागे बसलेल्या गुद्रूननंही हलवला. त्या हाताचा तिला नंतर इतका राग आला, की रात्रभर तिनं तो उशीखाली दाबून ठेवला होता, असं ती सिग्नेला म्हणाली.

त्यानंतर नऊ वर्षांनी, गेल्या सप्टेंबरात, प्रत्येकाच्या नावानं एक पाकीट आलं. आत एक फॉर्म. डेपो स्ट्रीटवरचं फाटक कायमचं बंद केल्यास आपली गैरसोय होईल का? असल्यास दोन ओळींत लिहावं. पर्यायी मार्ग पश्चिमेला, सहा मैलांवर. तो खडीचा रस्ता दर वसंतात महिनाभर पाण्याखाली असतो, हे फॉर्मवर नव्हतं. गुद्रूनच्या दारातून सिग्नेच्या दारात यायला दोनशे दहा पावलांऐवजी तेरा मैल. चालत रूळ ओलांडले तर गुन्हा. तिची दृष्टी अधू झाल्यामुळे हिवाळ्यात तिला गाडी चालवता येत नाही. म्हणजे फाटक गेलं तर तिचं ते घर सुटणार आणि ती जिल्ह्याच्या गावी वृद्धाश्रमात जाणार, हे न सांगताही सगळ्यांना कळत होतं.

फॉर्म पाठवायची तारीख उलटून गेल्यावर एका सकाळी ती सिग्नेकडे आली आणि कोट न काढताच उभी राहिली. कोपऱ्यात ऑर्विल बसला होता. हा एईनारचा मुलगा, आता तोच गावप्रमुख आणि आगीच्या गाडीचा चालकही तोच.

"ऑर्विल, काय लिहिलंस त्या फॉर्मवर?"

"काय लिहिणार? थोडी अडचण होईल, पण जमवून घेऊ."

"जमवून घेऊ? तुझी आगीची गाडी इकडे, माझं घर तिकडे. मी पेटले तर तेरा मैल फिरून येणार का तू? तोवर माझा कोळसा झालेला असेल. त्याच्यावर कॉफी कर तुझी."

"अगं, पहिल्याच पत्राला एकदम नाही कसं लिहायचं? ते विचारतीलच ना परत."

"तुझा बाप १९६७ पासून वाट बघत होता परत विचारायची. वाट बघत बघत मेला. कुणी विचारलं?"

ऑर्विलनं मगात पाहिलं. बाकीच्यांनीही आपापले मग मोठ्या बारकाईनं बघायला सुरुवात केली.

"सिग्ने, तू?"

सिग्ने काउंटर पुसत म्हणाली, "मी लिहिलं, याबाबत गुद्रून लोकेनला विचारावं."

"माझ्यावर ढकललंस?"

"मग? फाटक तुझ्या दारातलं. मी कशाला मधे नाक खुपसू?" तिनं फडकं खाली ठेवलं. "ते जाऊ दे. तू स्वतः काय लिहिलंस ते सांग की."

"लिहिलंय मी."

"हो, पण काय?"

गुद्रूननं कोटाचं एक बटण काढलं, परत लावलं. "वय झालंय, पण चालवून घेईन. माझ्यासाठी कुणाला त्रास नको."

कुणी हसलं नाही. ऑर्विलला हसायची चांगली संधी होती, पण त्यानंही सोडून दिली. गुद्रून बसली आणि सांगू लागली, की आधी तिनं कॅलेंडरच्या मागे कच्चं लिहिलं होतं. त्यात 'मुळीच नाही' असं होतं, दोनदा अधोरेखित. फॉर्मवर उतरवायला घेतलं आणि हात अडला. अनोळखी माणसाला पहिल्याच ओळीत असं लिहिणं म्हणजे पाहुण्याच्या तोंडावर दार आपटणं, असं वाटलं. मग आई शेजारी उभी राहून बघत असल्यासारखी तिनं ती सभ्य ओळ लिहिली, तिकीट लावलं आणि स्वतःच्या हातानं पेटीत टाकली. बाकीच्या एकेचाळीस जणांना ती चार दिवस शिव्या घालत होती, आणि सगळ्यांत गोड उत्तर तिचंच होतं.

"मूर्ख आहोत आपण," ती म्हणाली. "कंपनी लबाड आहे, ते तर आहेच. पण लबाडाला इतकी आयती माणसं जगात दुसरीकडे मिळणार नाहीत."

"कॉफी?" सिग्नेनं विचारलं.

"नको."

सिग्नेनं आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिनं नकोच म्हटलं, आणि उठून गेली.

तिनं कंपनीला फोन केला. एक आकडा दाबा, मग दुसरा दाबा, मग बासरी ऐका. शेवटी एक मुलगी बोलली. मुदत संपल्यामुळे उत्तर बदलता येणार नाही, मात्र ऑक्टोबरात राज्याच्या रेल्वे मंडळाचे अधिकारी सुनावणीला येतील, तिथं बोलता येईल. सुनावणी शाळेच्या जुन्या जिममध्ये झाली. मंडळाचे अधिकारी दिवसभर गाडी चालवून आलेले, थकलेले गृहस्थ होते. शेजारी कंपनीचे मिस्टर केंडल, हसरे, तुळतुळीत दाढी केलेले. सिग्नेनं चर्चच्या पद्धतीनं अंडं फोडून घातलेली कॉफी उकळली होती. तिनं केंडलना विचारलं, "कॉफी घेणार?"

"हो, मोठा कप द्या," ते म्हणाले.

पहिल्याच विचारण्याला. सगळ्या बाकांवरून एक कुजबूज गेली. बिचाऱ्याला आपण काय केलं ते कळलं नाही. तो मोठा कप हातात धरून ते उभे राहिले आणि बोलले, की एकोणचाळीस फॉर्म परत आले, त्यांतल्या एकावरही 'नको' असा शब्द नाही, आणि इतक्या समजूतदार लोकांबरोबर काम करायला मिळणं हा कंपनीला आनंद आहे. समजूतदार हा शब्द त्यांनी तीनदा वापरला. गुद्रूनच्या अंगाचा तिळपापड झाला.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?"

भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ आम्ही सगळे मन लावून बघत होतो. अधिकाऱ्यांनी फाईलच्या दोऱ्याला हात घातला, आणि गुद्रून बाक धरून उठली.

"साहेब, त्या एकोणचाळीसांत एक फॉर्म माझा आहे. त्यावर लिहिलंय ते खोटं आहे."

"सही तुमचीच ना, बाई?" केंडलनी विचारलं.

"सही माझी. लाजही माझीच." ती अधिकाऱ्यांकडेच बघत होती. "मला चालणार नाही. फाटक गेलं तर मला माझं घर सोडावं लागेल. माझ्या वडिलांनी त्या फळ्या बसवल्या. माझा नवरा त्या फाटकावर पन्नास मिनिटं पेटीत पडून होता, तेव्हाही आम्ही काही बोललो नाही. हे सगळे असेच आहेत. तुम्ही एकदा विचारलंत. इथं एकदा विचारून काही कळत नाही. कृपा करून आणखी दोनदा विचारा."

केंडलना हसू आलं. अधिकाऱ्यांना आलं नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?"

मागून कुणीतरी पुटपुटलं, की तसं थोडं जड जाईल.

"आता तिसऱ्यांदा विचारतो. कुणाला काही सांगायचंय?"

ऑर्विल उठला. त्याच्या हातात टोपी होती, बापाच्या हातात होती तशीच. "आहे," तो म्हणाला. "नको म्हणजे नको. फाटक बंद करायचं नाही." त्याचा आवाज चिरकला. सत्तेचाळीस वर्षं घशात अडकलेलं बाहेर येताना दुसरं काय होणार? त्याच्यामागे सिग्ने उठली, मग ओळच्या ओळ उठली. तासभर आम्ही बोललो. आग, बाळंतपण, वसंतातलं पाणी, मयताच्या गाड्या, सगळं बोललो. पाद्रीही बोलले, आणि तेही प्रवचनासारखं लांबण न लावता. अधिकाऱ्यांनी हात दुखेपर्यंत लिहून घेतलं. घरी जाताना आम्ही तरुण झाल्यासारखे चालत होतो.

डिसेंबरात पत्र आलं. तोंडी हरकतींची नोंद घेतली आहे. तथापि मुदतीत आलेल्या लेखी उत्तरांवरून ग्रामस्थांची सहमती स्पष्ट होते. सबब एक एप्रिलपासून फाटक बंद. त्या 'तथापि'वर गुद्रूननं पेन्सिलनं इतक्या रेघा मारल्या, की कागद फाटला. आम्हाला शेवटी खरं बोलता आलं, आणि त्याला वाटाण्याच्या अक्षता लावल्या. खोटं बोललो होतो तेवढं मात्र कायद्यानं पक्कं धरलं.

आठवड्याभरात जिल्ह्याची नर्स येऊन वृद्धाश्रमाचं पत्रक ठेवून गेली. चांगली मुलगी होती, तिचा काही दोष नाही. पण पत्रकावर एक टुमदार इमारत छापली होती आणि तिच्यामागे फळांनी वाकलेलं सफरचंदाचं झाड. गुद्रूननं ते पत्रक चुलीत घातलं.

जानेवारीत ऑर्विल तिच्या दारात आला. बाहेर इतकी थंडी, की त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"घर हलवू या का?" त्यानं विचारलं.

आमच्या मुलखात घरं हलतात. आमचं चर्च शेजारच्या मेलेल्या गावातून चाकांवर आलेलं आहे, आणि आमच्या शाळेचा अर्धा भाग आज कुणाचं तरी गोदाम आहे. चार खोल्यांचं मुकादमाचं घर म्हणजे काही मोठी गोष्ट नव्हती. खाली तुळया सरकवायच्या, जॅकवर उचलायचं, मोठ्या चाकांवर ठेवायचं आणि ट्रॅक्टरनं ओढून रुळांपलीकडे गावात आणायचं.

"नको रे," गुद्रून म्हणाली. "कुणाकुणाला कामाला लावणार?"

"घर हलवू या का?"

"पामर आणि बाबा इकडेच आहेत, ऑर्विल. मी तिकडे गेले की तेच माझ्यापासून तेरा मैल होतील."

ऑर्विलनं भुवयांवरचा बर्फ पुसला. मग त्यानं तिसऱ्यांदा विचारलं. तिनं मान फिरवून खिडकीतून दफनभूमीकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाली, "बरं. पण कपबशा मी स्वतः बांधणार."

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, जमीन अजून गोठलेली असताना, घर निघालं. कंपनीकडून लेखी परवानगी घेतली होती: सकाळी दहा ते साडेदहा. त्यांचा लाल झेंडेवाला माणूस येऊन उभा होता. दहाच्या आधीच पश्चिमेहून टाक्यांची गाडी आली आणि झेंडा बघून थांबली. घर हळूहळू पुढे सरकलं, फाटकावर चढलं. दहा वाजून दहा मिनिटांनी ते बरोबर दोन्ही रुळांवर, हाल्वोर ब्रेक्केंच्या फळ्यांवर उभं होतं. गुद्रून उत्तरेच्या बाजूला वडिलांचं रेल्वेचं घड्याळ हातात घेऊन उभी होती. ऑर्विलनं तिच्याकडे बघितलं. तिनं घड्याळाचं झाकण उघडलं. ऑर्विलनं ट्रॅक्टर बंद केला आणि थर्मास काढला.

आधी ठरलं होतं का, असं पुढे पुष्कळांनी विचारलं. आम्हाला कुणाला काही माहीत नव्हतं. पण एकानंही ऑर्विलला विचारलं नाही, की का थांबलास.

सिग्नेनं झेंडेवाल्याला कॉफी दिली, मग चालत जाऊन इंजिनातल्या ड्रायव्हरला दिली. त्या माणसांशी आमचं भांडण नव्हतं. दहा पस्तीसला झेंडेवाल्याचा फोन वाजला. त्यानं ऐकलं आणि फोन ऑर्विलकडे दिला. पलीकडे केंडल होते.

"आणखी किती वेळ लागेल?"

"फार नाही," ऑर्विल म्हणाला.

दहा पंचेचाळीसला पुन्हा फोन. आवाज एवढा मोठा, की आम्हालाही ऐकू येत होता. मागे तीन गाड्या अडकल्या होत्या. "झालंय तरी काय? आणखी किती वेळ?"

"ट्रॅक्टर जरा दमलाय. का हो, तुमची गैरसोय होतेय का?"

"अर्थात होतेय!"

"मग दोन ओळी लिहून पाठवा," ऑर्विल म्हणाला आणि फोन झेंडेवाल्याला परत दिला.

अकराला पाच मिनिटं कमी असताना तिसऱ्यांदा फोन आला. या वेळी गुद्रूननं हात पुढे केला. तिनं फोन कानाला लावून नाव सांगितलं.

"बाई, शेवटचं विचारतो, किती वेळ?"

"मिस्टर केंडल, ही कितवी वेळ विचारायची?"

"कितवी म्हणजे? तिसरी असेल."

"म्हणजे येतं तर तुम्हाला," गुद्रून म्हणाली. "पाच मिनिटं. चालवून घ्या."

पाच मिनिटं ती घड्याळाकडे बघत उभी राहिली. काटा अकरावर आला, पन्नास मिनिटं पुरी झाली, आणि तिनं झाकण मिटलं. ऑर्विलनं ट्रॅक्टर सुरू केला. पिवळं घर फळ्यांवरून खाली उतरलं, आतल्या कपबशा एकदा वाजल्या आणि घर गावात आलं.

मग गाडी निघाली. टाकीमागून टाकी आमच्या आणि दफनभूमीच्या मधून जाऊ लागली. सवयीनं आमचे हात वर गेले होते. गुद्रूनचा हात कोटाच्या खिशात होता. आम्ही तिच्याकडे बघितलं आणि एकेक करून हात खाली घेतले.